हवालदाराची रजा

आमच्या घरच्या संगणकातलं फायरवॉल शनिवारी सकाळी सहा वाजून एकोणचाळीस मिनिटांनी समूळ, सपशेल आणि कायमचं काढून टाकण्यात आलं.

वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही ते लिहिलेलं नाही. या संदर्भात 'काढलं' हा शब्द उच्चारायला आमच्या घरात बंदी आहे, आणि घरच्या नोंदवहीप्रमाणे ते फायरवॉल आजही सेवेत आहे. तेव्हा काहीच झालं नाही असं धरून मी काय झालं ते सांगतो.

फायरवॉल म्हणजे संगणकाच्या दाराशी बसलेला राखणदार. कोण आत येतंय, कोण बाहेर जातंय ते बघायचं आणि संशय आला की अडवायचं, एवढंच त्याचं काम. आमच्या राखणदाराला कंपनीने ठेवलेलं नाव लांबलचक आहे आणि त्याच्या शेवटी 'प्रो' आहे. बाबांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'हवालदार' ठेवलं. बाबांना या विषयात गती आहे, कारण ते स्वतः एकतीस वर्षं एका कारखान्याच्या गेटवर होते. नाव, वेळ, काम, सही. एकदा त्यांनी कारखान्याच्या मालकालाच पाऊण तास बाहेर उभं केलं होतं, कारण मालकाने 'काम' या रकान्यात काही लिहायला नकार दिला होता.

हवालदार दर सोमवारी अहवाल द्यायचा. 'या आठवड्यात २१४ संशयितांना अडवलं.' बाबा तो चहाबरोबर मोठ्याने वाचत आणि नोंदवहीत उतरवून घेत.

"दोनशे चौदा!" ते म्हणत. "आणि आपण निवांत झोपलो होतो."

त्या दोनशे चौदांमध्ये माझ्या नोकरीच्या मुलाखतीची दोन बोलावणी, मावशीने पाठवलेले तिच्या मांजराचे फोटो आणि आमचा प्रिंटर होता, हे मी सिद्ध करू शकतो. प्रिंटर तर त्याच टेबलावर संगणकाच्या खांद्याला खांदा लावून बसलेला असतो. पण हवालदाराच्या लेखी तो उपरा.

हे सगळं मी वर्षभर सोसलं. सोमवारी मात्र आईला विद्यापीठाचं पत्र आलं आणि घोडं पेंड खायला बसलं.

आईचं बी.ए. एका पेपरावाचून राहिलं होतं. पेपर तर्कशास्त्राचा. सव्वीस वर्षांपूर्वी त्या पेपराच्या आदल्या दिवशी मी जन्मलो. आईने ही गोष्ट मला कधीही ऐकवली नाही, आणि तेच मला सव्वीस वर्षं सतत ऐकू येतं आहे. यंदा विद्यापीठाने जुन्या लोकांना शेवटची संधी दिली होती. शनिवारी सकाळी अकरा वाजता, घरबसल्या, संगणकावर. आई चार महिने पोळ्या लाटता लाटता 'सर्व माणसं मर्त्य आहेत' असं पुटपुटत होती, आणि आम्ही दोघं मर्त्य माणसं गुपचूप जेवत होतो.

पत्रात म्हटलं होतं की परीक्षार्थीच्या संगणकात खालीलपैकी कोणतंही सॉफ्टवेअर आढळल्यास परीक्षा सुरू होणार नाही. खाली एकच नाव होतं. शेवटी 'प्रो' होतं.

"पाच मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो.

बाबा दारात उभे होते. "काय काढतोयस?"

"हवालदार."

"का?"

"टेक्निकल आहे, बाबा. तुम्हाला नाही कळायचं."

हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

सॉफ्टवेअर काढायची रीत सरळ असते. यादी उघडायची, नाव निवडायचं, 'काढा' म्हणायचं. मी म्हटलं. त्याने विचारलं, 'तुमची खात्री आहे का?' मी म्हटलं, हो. 'तुम्ही नीट विचार केला आहे का?' हो. 'आमचं काही चुकलं का?' इथे मी जरा थबकलो. इतक्या आपुलकीने मला घरात कुणी विचारलेलं नाही. तरी मन घट्ट करून पुढे गेलो, तर त्याने पासवर्ड मागितला.

"बाबा, पासवर्ड काय ठेवला होता?"

"आठवत नाही," बाबा म्हणाले आणि पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता.

ज्या माणसाला एकतीस वर्षांत गेटवरून गेलेल्या प्रत्येक ट्रकचा नंबर आठवतो, त्याला सहा-आठ अक्षरं आठवत नाहीत, याचं मला आश्चर्य वाटायला हवं होतं. पण मी त्या वेळी टेक्निकल विचार करत होतो.

सोमवार असा गेला. मंगळवारी सकाळी मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक अतिशय गोड बाई आल्या.

"सर, तुम्ही आम्हाला का सोडताय ते सांगाल का?"

"परीक्षा आहे."

"अरे वा, शुभेच्छा सर! परीक्षेसाठी आमचं खास विद्यार्थी कवच आहे, ते देऊ का?"

"मला आहे तेच कवच काढायचंय हो."

"नक्की सर. त्यासाठी आमचंच एक वेगळं सॉफ्टवेअर आहे. त्याची लिंक तुम्हाला मेल करते."

त्यांनी केली. पुढच्याच क्षणी पडद्याच्या कोपऱ्यातली हवालदाराची ढाल लाल झाली. 'संशयास्पद मेल अडवण्यात आला. तुम्ही सुरक्षित आहात.' म्हणजे अटकेचं वॉरंट ज्याच्या नावाचं, त्याच्याच हाती पोचवायला दिल्यासारखं झालं. मी पुन्हा फोन केला. बाईंनी पुन्हा लिंक पाठवली. हवालदाराने पुन्हा मला वाचवलं. तिसऱ्या वेळी बाईंच्या आवाजात किंचित अभिमान डोकावला. "बघा ना सर, किती चांगलं काम करतंय."

मग मी विद्यापीठाच्या परीक्षा कक्षाकडे वळलो. तिथले कारकून फोनवर काहीतरी चावत होते.

"संगणक बदलता येईल का?" मी विचारलं.

"येईल की. न यायला काय झालं? अर्ज करा. पंधरा कामाचे दिवस."

"पण परीक्षा या शनिवारी आहे."

"म्हणून तर म्हणतो, आजच करा. परीक्षेनंतर लगेच बदलून मिळेल."

त्या दुपारी समोरच्या घरातले काका आले. त्यांना सगळे 'सर्वज्ञ' म्हणतात आणि ते याला मान समजतात. आमच्या घरात काय बिनसलंय हे त्यांना बाबांच्याही आधी कळतं. त्यांनी खुर्ची ओढली, संगणकाकडे बराच वेळ बघितलं आणि डॉक्टर रोग्याच्या नातेवाइकांना बाहेर बोलावतात तशी मला खूण केली.

"हे मुळं धरतं," ते हळू आवाजात म्हणाले. "वरून उपटलं तरी आत तंतू राहतो. माझ्या साडूने एक काढलं, तर ते त्याच्या टीव्हीत गेलं."

"टीव्हीत कसं जाईल, काका?"

"तेच तर! कसं गेलं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. तू असं कर, सगळं पुसून टाक. कोरी पाटी."

"आईच्या चार महिन्यांच्या नोट्स आहेत त्यात."

"मग नोट्स वहीत उतरवून घे. किती असतील? हजारभर पानं?"

आई आतून म्हणाली, "सर्व सल्ले फुकट असतात. काही फुकट गोष्टी उपयोगी असतात. यावरून सल्ले उपयोगी असतात असं सिद्ध होत नाही."

"वहिनींचा अभ्यास जोरात आहे," सर्वज्ञ म्हणाले आणि चहा येईपर्यंत थांबले.

शेवटी मीच एक पुस्तकी युक्ती काढली. संगणकाची एक अर्धवट जागी अवस्था असते. त्या अवस्थेत त्याला फक्त स्वतःचं नाव आठवतं, बाकी सगळी मंडळी अंथरुणातच असतात. हवालदारही. मी मंगळवारी संध्याकाळी त्याला झोपेत गाठलं. झोपेतल्या माणसाला पासवर्ड विचारता येत नाही. तीन मिनिटांत काम तमाम. पडद्यावर एक शेवटचा निरोप आला, 'तुम्ही आम्हाला काढलंत याचं आम्हाला वाईट वाटतं. चुकून झालं असेल तर परत बोलवा.' खाली भलंमोठं बटण होतं, 'परत बोलवा', आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'नको'. मी संगणक तसाच ठेवून विजयी मुद्रेने दोन कप चहा प्यायलो. दोन्ही मीच केले होते.

बुधवारी सकाळी आठ वाजता कोपऱ्यात ढाल होती. ताजीतवानी. शेजारी शब्द होते, 'पुन्हा संधी दिल्याबद्दल आभार!'

मी हा कंपनीचा टोमणा समजलो. पुन्हा काढलं. गुरुवारी सकाळी ये रे माझ्या मागल्या. ढाल हजर, आभार हजर. घरातली माणसं माझ्याकडे ज्या नजरेने बघू लागली, ती मी यापूर्वी फक्त बारावीच्या निकालाच्या दिवशी पाहिली होती. आईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. तिथे शनिवारभोवती लाल पेनाने गोल होता, आणि तो गोल इतक्यांदा गिरवला होता की कागद फाटायच्या बेतात आला होता.

मग मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. बाजारात त्याचं दुकान आहे. तो संगणकाला 'पेशंट' म्हणतो, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात.

"कधीपासून त्रास आहे?" त्याने बॅग उघडत विचारलं.

"सोमवारपासून."

"काढल्यावर लगेच येतं, की रात्र गेल्यावर?"

"रात्र गेल्यावर."

"हं. घरात आणखी कुणाला आहे?"

त्याने दोन तास संगणकाच्या पोटात खोल हात घातला. कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून हवालदाराच्या नावाच्या चिठ्ठ्या, पावत्या, जुने पत्ते काढून फेकले. बाबा मागे उभे राहून बघत होते. मध्येच म्हणाले, "त्याचं सामान तरी एका जागी ठेवा हो."

"मुळासकट गेलं," डॉक्टर हात पुसत म्हणाला. "आता आलं तर माझं नाव बदलीन."

शुक्रवारी सकाळी ढाल होती. डॉक्टरला फोन केला, तर तो म्हणाला, "राँग नंबर."

मी जेवणाच्या टेबलाशी डोकं धरून बसलो. आता उघडच होतं की यामागे आंतरराष्ट्रीय पातळीवरचं काहीतरी आहे. मी आईला समजावू लागलो की काही सॉफ्टवेअर आकाशातून परत उतरतात, मोठमोठ्या देशांच्या सरकारांनासुद्धा ती आवरत नाहीत, तिथे मी कोण. आई भाजी चिरत ऐकत होती.

"झालं बोलून?" ती म्हणाली. "आता ऐक. तू काढतोस तेव्हा ते जातं. सकाळी असतं. म्हणजे मधे कुणीतरी ते बसवतं. घरात माणसं तीन. तू आठच्या आत उठलेला आजवर कुणी पाहिलेला नाही. मी सहाला फिरायला जाते, तेव्हा ढाल नसते. यावरून काय निघतं?"

मी विचार केला. "सर्वज्ञ काका!"

आईने सुरी खाली ठेवली. "तू माझ्याच पोटी कसा रे आलास?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला तो थेट पायावर. "पण बाबा असं का करतील? त्यांना माहितीय ना तुझा पेपर आहे!"

"पेपर आहे ते माहितीय. पण हे असलं तर पेपर होणार नाही, हे तू सांगितलंस ना त्यांना?"

"सांगितलं की."

"काय सांगितलंस?"

"टेक्निकल आहे म्हणून."

आईने पुन्हा सुरी उचलली. मी तिथून उठलो.

दुपारी मी ढाल पुन्हा काढली, आणि बाबांना रंगेहाथ पकडायचं ठरलं. शनिवारी सकाळी सहा वाजता, आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुधा शेवटच्यांदा, मी जागा होतो. आईने फिरायला जायचं रद्द केलं होतं. आम्ही दोघं पावलं न वाजवता आतल्या खोलीच्या दाराशी गेलो.

बाबा संगणकासमोर बसले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, त्यावर कारखान्याचा जुना बिल्ला. पडद्यावर तेच दोन पर्याय होते. बाबांनी चष्मा नीट केला, 'परत बोलवा'वर बोट आणलं आणि म्हणाले, "या."

"बाबा!"

ते दचकले नाहीत. गेटवरचा माणूस दचकत नाही. फक्त नोंदवही मिटली.

"तुम्हीच का?"

"मग कोण?" बाबा म्हणाले. "रोज बिचारा दारात उभा राहून विचारतो, माझं काय चुकलं. एक माणूस उत्तर देत नाही. असं काढतात होय कुणाला? मला काढलं तेव्हा निदान दोन ओळींचं पत्र दिलं होतं. आधुनिकीकरण, म्हणाले. गेटवर आता एक दांडा आहे, आपोआप वर-खाली होतो. त्याला कुणी नाव सांगत नाही, तोही कुणाला विचारत नाही."

मी अशा वेळी विनोद करतो. या वेळी सुचला नाही.

"आणि आज हिची परीक्षा!" बाबांचा आवाज चढला. "परीक्षेच्या दिवशी बंदोबस्त वाढवतात, का असलेला काढतात? हिचा पेपर कुणी पळवला, मधेच कुणी घुसलं, तर? सव्वीस वर्षांनी बसतेय ती. मी काय गेट उघडं टाकून झोपू?"

"अहो," आई म्हणाली. "हा असला की माझा पेपर सुरूच होत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तो मलासुद्धा आत सोडत नाही."

बाबांनी आईकडे बघितलं, मग ढालीच्या रिकाम्या जागेकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ.

"हे तू मला सोमवारी का नाही सांगितलंस?"

"टेक्निकल..." मी म्हणालो, आणि पुढचा शब्द गिळला.

मला वाटलं, सुटलो. 'नको'वर बोट ठेवायचं, पाच सेकंदांचं काम. पण बाबांनी मला हाताने अडवलं. त्यांचं म्हणणं, आत काही राहिलं असेल तर? डॉक्टरही म्हणाला होता मुळासकट गेलं म्हणून, तरी हे बटण उरलंच होतं. तेव्हा जे करायचं ते रीतसर. आधी हवालदाराला कामावर घ्यायचं, मग त्याचा चार्ज काढून घ्यायचा आणि मग समोरच्या दाराने सन्मानाने पाठवायचं. मागच्या दाराने हाकलायचं नाही. त्यांनी 'परत बोलवा' दाबलं. हवालदार आला. त्यांनी 'काढा' दाबलं. त्याने पासवर्ड मागितला. बाबांनी कळफलकाकडे न बघता तो ठोकला. गेटवरच्या बिल्ल्याचा नंबर होता. सहा दिवस मी ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं, तो रोज बाबांच्या शर्टावर असायचा.

'काढण्याचं कारण?' त्याने विचारलं. खाली चौकट होती. जगात ही चौकट कुणी भरत नाही. बाबांनी भरली. एका बोटाने, बारा मिनिटं. 'सेवा समाधानकारक. वर्तणूक चांगली. कोणतीही तक्रार नाही. घरगुती कारणास्तव रजा मंजूर.'

मग ते थांबले. "गेट रिकामं ठेवून जाता येत नाही. बदली माणूस कोण?"

मी आईकडे बघितलं. आईने बाबांकडे बघितलं.

"बरं," बाबा म्हणाले, नोंदवही उघडली आणि लिहिलं, 'चार्ज घेतला. स्वतः.' वेळ टाकली, सहा एकोणचाळीस, आणि बटण दाबलं. ढाल गेली. परतीचा निरोप आला तेव्हा बाबांनी स्वतः 'नको'वर बोट ठेवलं आणि म्हणाले, "सावकाश जा."

साडेदहाच्या तपासणीत विद्यापीठाला संगणकात काही सापडलं नाही. अकराच्या ठोक्याला पेपर सुरू झाला. खोलीच्या बंद दाराबाहेर स्टुलावर बाबा होते, मांडीवर नोंदवही.

दहा अठ्ठावन्नला सर्वज्ञ काका शेवटचा सल्ला घेऊन आले होते. ते आजवर आमच्या घरात न विचारता येत आले आहेत.

"नाव?" बाबा म्हणाले.

"अहो, मी!"

"काम?"

"वहिनींना म्हटलं सांगावं, सोपे प्रश्न आधी..."

"काम नाही," बाबांनी लिहिलं. "सही करा आणि परत जा."

सर्वज्ञांनी सही केली. वीस वर्षांत पहिल्यांदाच ते आमच्याकडून चहा न पिता गेले. सव्वाअकराला मदतकेंद्राच्या त्या गोड बाईंचा फोन आला. बाबांनी त्यांना चाळीस मिनिटं थांबवून ठेवलं. संगीत मात्र नव्हतं. साडेअकराला मी आईसाठी पाणी घेऊन गेलो.

"आत कुणाची परीक्षा आहे?"

"आईची."

"तुझी आहे?"

"नाही."

"मग बाहेर थांब. मागे एकदा तू मधे आला होतास."

मी तांब्या घेऊन दीड तास उभा राहिलो. एक वाजून चार मिनिटांनी दार उघडलं. आई बाहेर आली. बाबांनी आधी वेळ लिहिली, मग वर बघितलं, मग पुन्हा खाली बघून बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले. नंतर मी ते चोरून वाचलं. 'परीक्षार्थी बाहेर. चेहरा उत्तम.' पुढे काही खाडाखोड होती, ती वाचता आली नाही.

आई एकसष्ट गुण मिळवून बी.ए. झाली. हे महिन्याभरापूर्वीचं. संगणक आता हवेसारखा मोकळा आहे, प्रिंटर चालतो, मावशीच्या मांजराने हिवाळाभर काय काय केलं ते सगळं एकदम आलं. पण हवालदार नियमाने रजेवर आहे, तो रुजू होत नाही तोवर बदली माणसाला जागा सोडता येत नाही, आणि स्टूल आता खोलीच्या दाराशी नसून घराच्या दाराशी आहे. दर सोमवारी चहाबरोबर अहवाल वाचला जातो. गेल्या आठवड्यात सतरा संशयितांना अडवण्यात आलं. त्यांतल्या अकरा नोंदी माझ्या आहेत. आईचं नाव विश्वासूंच्या यादीत आहे. तिला विचारलं, माझ्यासाठी शब्द टाकशील का, तर म्हणाली, सर्व मुलं विश्वासू असतात हे विधान अजून सिद्ध व्हायचं आहे.

म्हणून, जिन्यात उभं राहून, खालील अर्ज करत आहे.

प्रति, मा. बाबा, मुख्य दार. विषय: विश्वासूंच्या यादीत नाव समाविष्ट करण्याबाबत. महोदय, अर्जदार सदर घरात गेली सव्वीस वर्षं राहत असून त्याची चप्पल आतल्या बाजूस आहे. 'काम' या रकान्यात लिहिण्यासारखं त्याच्याकडे सध्या काही नाही, हे त्याला मान्य आहे. तसेच, पूर्वसूचना न देता तो या घरात दाखल झाल्याने एका परीक्षार्थीचा पेपर एकदा राहून गेला, हेही त्याला मान्य आहे. सदर प्रकार त्याच्याकडून पुन्हा होणार नाही, अशी तो हमी देतो. सबब, त्याच्यावरील संशय मागे घेऊन त्याला सही न घेता आत सोडावं, ही नम्र विनंती.